रंग नंतर, आधी करंगळी: मेकॅनिकल कीबोर्डचा स्विच कसा निवडावा

यूट्यूबवर आवाज ऐकून कीबोर्डचा स्विच ठरवणं म्हणजे रेडिओवर मिसळीची चव बघणं. माझ्या भाच्याने नेमकं तेच केलं. "मावशी, तू एकदा ऐक तर, काय थॉक येतोय," म्हणत त्याने मला एका रात्रीत तीन व्हिडिओ पाठवले. रिकामी खोली, जाड मॅट, तोंडाशी धरलेला महागडा माइक. कीबोर्ड घरी आला, नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सनमायकाच्या टेबलावर ठेवला, आणि पत्र्याच्या डब्यात हरभरे ओतावेत तसा वाजला.

मी घरून भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाला सहा-सात तास मराठी टायपिंग, तेही इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीत. मीही पहिल्यांदा स्विच घेतला तेव्हा आधी रंग पाहिला, मग किंमत, मग आवाज, आणि हाताचा विचार केला तो मनगट दुखायला लागल्यावर. मराठीत बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही. चुकीचा स्विच घेतला की या दोन अर्थांत फार अंतर राहत नाही. आता मी ज्या क्रमाने निवड करते, त्याच क्रमाने खाली लिहिते आहे.

स्विच म्हणजे नेमका कोणता भाग

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली रबराचं एकच पातळ अंथरूण असतं. कळ दाबली की त्यातला फुगवटा बसतो आणि खालच्या दोन थरांचा एकमेकांशी संपर्क होतो. काही वर्षांनी रबर मऊ पडतं आणि मग एखादं अक्षर दोन-दोनदा ठोकावं लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र डबी असते, तिच्यात स्वतःची स्प्रिंग आणि धातूची स्वतःची पत्ती. ही डबी म्हणजे स्विच. वर जे अक्षर छापलेलं टोपण दिसतं ते कीकॅप. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात "निळा कीबोर्ड" मागितलात तर निळ्या कीकॅपचा हातात पडेल, म्हणून "ब्लू स्विच" असं स्पष्ट म्हणा.

मेकॅनिकलचा आवाज तुमच्या कानांना नवा नाही. बँकेच्या काउंटरवर, तिकिटाच्या खिडकीपाशी, औषधाच्या दुकानात बिल होताना जो टिकटिकाट ऐकत आपण रांगेत उभे राहिलो, तो बहुतेक वेळा टीव्हीएस गोल्डचा होता. त्या कीबोर्डात वर्षानुवर्षं चेरी या कंपनीचे निळे स्विच असायचे. चेरीने ही एमएक्स नावाची रचना १९८० च्या दशकात आणली. २०१४ च्या सुमारास तिच्या पेटंटची मुदत संपली आणि गॅटेरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच भरभरून बनवायला सुरुवात केली. आज जो शेकडो प्रकारांचा गोंधळ दिसतो, त्याची सुरुवात इथे आहे.

पायरी १: आधी कीबोर्डात काय बसतं ते बघा

स्विच आवडला पण कीबोर्डात बसत नाही, हा अनुभव मी पैसे मोजून घेतला आहे. म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

पहिला प्रश्न हॉट-स्वॅपचा. काही कीबोर्डात स्विच थेट सर्किटवर डाग देऊन पक्के केलेले असतात. ते बदलायचे तर सोल्डरिंग गन हातात घ्यावी लागते. हॉट-स्वॅपमध्ये खाली सॉकेट असतात. स्विच चिमट्याने ओढायचा, दुसरा दाबून बसवायचा, झालं. पहिलाच कीबोर्ड घेत असाल तर माझं मत ठाम आहे: हॉट-स्वॅपच घ्या, मग तो हजार-पाचशेने महाग पडला तरी चालेल. स्विचच्या बाबतीत पहिला अंदाज बहुतेकांचा चुकतो, आणि हॉट-स्वॅप असला की ती चूक फक्त स्विचच्या किमतीपुरती राहते.

दुसरा प्रश्न, सॉकेट कुणाचं. माझी ठेच इथे लागली. मी ऑनलाइन एक स्वस्त कीबोर्ड घेतला. वर्णनात मोठ्या अक्षरात हॉट-स्वॅप लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्याच्या सॉकेटची भोकं अरुंद होती, आउटेमूच्या बारीक पिनांपुरती. मी मागवलेले ७० स्विच गॅटेरॉनचे, त्यांच्या पिना जरा जाड. पहिला बसेना म्हणून अंगठ्याने जोर लावला, पीन आडवी झाली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याच्या वेळी अक्कल आली. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, हॉट-स्वॅपच आहे ना?" त्यामुळे विकत घेण्याआधी प्रश्न असा विचारा: एमएक्स पद्धतीचे कोणत्याही कंपनीचे स्विच यात बसतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा कीबोर्ड बघा.

तिसरी गोष्ट पायांची. स्विचला खाली धातूच्या दोन पिना आणि मधोमध प्लॅस्टिकचा जाड खुंट असतो. याला ३ पिनचा स्विच म्हणतात. काहींना दोन्ही बाजूंना आणखी दोन प्लॅस्टिकचे पाय असतात, तो ५ पिनचा. ५ पिनच्या बोर्डवर दोन्ही प्रकार बसतात. ३ पिनच्या बोर्डवर ५ पिनचा बसवायचा असेल तर ते दोन जादा पाय नेलकटरने छाटायचे. मी एका दुपारी मालिका बघत सगळे छाटले, काही बिघडलं नाही.

शिवाय लो-प्रोफाइल म्हणजे बुटक्या कीबोर्डचे स्विच वेगळ्या मापाचे असतात आणि ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने कळ ओळखणाऱ्या कीबोर्डचे वेगळ्या तत्त्वाचे. हे साध्या एमएक्स सॉकेटमध्ये बसत नाहीत. हॉल इफेक्ट नावाने जे चुंबकाचे स्विच विकले जातात त्यांचंही तसंच. त्यांत पत्ती नसते, चुंबक किती खाली आला हे सेन्सर मोजतो, आणि कळ किती दाबल्यावर अक्षर उमटावं हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं. गेम खेळणाऱ्यांना त्याचं मोठं कौतुक आहे. लेखनासाठी मला त्याची गरज वाटली नाही.

पायरी २: शेजारच्या खोलीत कोण झोपतं?

स्विचची निवड घरातल्या माणसांशी बोलून करायची असते, हे कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगत नाही. माझा पहिला कीबोर्ड निळ्या स्विचचा. दिवसा झकास वाटायचा, आपण खूप काम करतोय असं स्वतःलाच वाटायचं. रात्री साडेअकराला बाबा दारात आले आणि म्हणाले, "अगं, तुझं ते शिलाई मशीन आता बंद कर." डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पंखे बंद असतात, रस्ता लवकर शांत होतो, आणि पंख्याच्या घरघरीत जो आवाज लपायचा तो भिंतीपलीकडे जातो. उन्हाळ्यात घेतलेल्या कीबोर्डची तक्रार थंडीत आली तर नवल मानू नका.

आवाजाबद्दल एक गैरसमज आहे. क्लिक नाही म्हणजे स्विच शांत, असं नसतं. बराचसा आवाज कळ तळाला आपटते तेव्हा आणि सुटून वर येऊन धडकते तेव्हा होतो. क्लिक नसलेल्या लाल स्विचवर जोरात ठोकणारा माणूस निळ्यावर हलक्या हाताने लिहिणाऱ्याच्या जवळपास पोहोचतो. खरोखर शांत हवा असेल तर सायलेंट प्रकार घ्या. त्यांच्या आतल्या, कळीबरोबर खाली-वर होणाऱ्या दांड्याला वर आणि खाली रबराच्या बारीक गाद्या असतात, म्हणून दोन्ही टक्कर मऊ होतात. त्याची किंमत अशी की स्पर्शही मऊ होतो, ओल्या मातीवर पाय पडल्यासारखा. चेरीचा सायलेंट रेड, किंवा उंचवटाही (दाबताना बोटाला कळणारा हलका अडथळा) हवा असेल तर बोबा यू४, ही त्यातली परिचित नावं.

आणि पैसे खर्च करण्याआधी कीबोर्डखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा किंवा दुहेरी घडीचा टॉवेल घालून बघा. टेबल ढोलासारखं वाजत असेल तर अर्धी तक्रार तिथेच मिटते. भाच्याच्या कीबोर्डचे हरभरे सतरंजीच्या घडीने थांबले. स्पेसबारची आणि एंटरची खडखडही स्विचची नसते. लांब कीकॅपला आधार देणारी तार, म्हणजे स्टॅबिलायझर, सैल असते. त्यासाठी स्विच बदलू नका.

पायरी ३: तीन जाती, एक स्विच उघडून

घरी एखादा सुटा स्विच असेल तर उघडून बघाच. वरच्या झाकणाला चार खाचा असतात. स्विच ओपनर नसेल तर दोन बाजूंना चपटे स्क्रूड्रायव्हर हलकेच घालायचे. झाकण टप्पकन सुटतं आणि स्प्रिंग उडी मारते, म्हणून खाली ताट ठेवा. माझी एक स्प्रिंग फ्रिजखाली गेली ती अजून तिथेच आहे.

आत चारच गोष्टी दिसतात. मधोमध रंगीत दांडा. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखा खुंट, ज्यावर कीकॅप बसतं. त्याच्याखाली स्प्रिंग. दांड्याच्या एका बाजूला दोन बारीक पाय. आणि डबीच्या भिंतीला टेकलेली तांब्याच्या रंगाची पत्ती. कळ वर असते तेव्हा ते दोन पाय पत्तीला मागे रेटून धरतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात, पत्ती पुढे सरकून दुसऱ्या पत्तीला टेकते, आणि संगणकाला कळतं की क दाबला. सगळं नाट्य सुमारे २ मिलिमीटरवर घडतं. दांड्याचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा, म्हणजे अक्षर उमटतं ते निम्म्या वाटेवरच.

आता त्या दोन पायांवर नख फिरवा. ते सरळ उतरते असतील तर स्विच लिनियर: वरपासून खालपर्यंत एकसारखा, मध्ये काही जाणवत नाही. चेरीचा लाल आणि काळा हे लिनियर. पायांवर बारीक उंचवटा लागला तर टॅक्टाइल: पत्ती त्या उंचवट्यावरून घसरते आणि बोटाला हलका अडथळा कळतो, अक्षर उमटल्याची खूण म्हणून. तपकिरी स्विच याच जातीचा, पण त्याचा उंचवटा इतका माफक की बरेच जण त्याला वाळूचा कण अडकलेला लिनियर म्हणतात. मी त्यांच्याच बाजूची आहे. टॅक्टाइल घ्यायचा तर स्पष्ट उंचवट्याचा घ्यावा.

तिसरी जात क्लिकी. चेरीच्या निळ्यात दांड्याभोवती एक वेगळा पांढरा तुकडा सैल बसवलेला असतो. ठरावीक जागी तो झटक्याने खाली आपटतो, तोच टिक. काइलच्या बॉक्स व्हाइट किंवा बॉक्स जेडमध्ये त्याऐवजी एक बारीक तार छेडली जाते, त्यामुळे टिक अधिक स्वच्छ येतो. निळ्याची एक खोड लक्षात ठेवा: अक्षर जिथे उमटतं तिथून कळ बरीच वर आल्याशिवाय ती पुन्हा दाबता येत नाही. एकच कळ भराभर दोनदा दाबणाऱ्याला हे जाचतं. गंमत म्हणजे इन्स्क्रिप्टमध्ये 'ममता', 'ननंद' असे शब्द सोडले तर तीच कळ लागोपाठ फारशी येत नाही. 'कच्चा' लिहितानाही दोन च मध्ये हलंताची कळ येते. बॅकस्पेस सोडला तर मला निळ्याचा हा त्रास कधी झाला नाही. माझी अडचण बाबांची झोप होती.

रंगांचा हा संकेत चेरीचा. लाल, तपकिरी, निळा एवढ्यापुरता तो इतरांनीही बराचसा पाळला आहे, पुढे प्रत्येक कंपनीचा आपापला कारभार. गॅटेरॉनचा पिवळा लिनियर आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचाही पिवळा तसाच असेल असं धरू नका. दांड्याचा रंग बघण्यापेक्षा जात आणि वजन वाचा.

पायरी ४: दहाची नाणी

वजन म्हणजे कळ दाबायला लागणारा जोर. तो ग्रॅममध्ये किंवा सेंटीन्यूटनमध्ये लिहितात. दोन्ही आकडे जवळपास सारखेच धरायला हरकत नाही. चेरीचा लाल ४५, तपकिरी ५५, निळा आणि काळा ६० सेंटीन्यूटन. कागदावर १० ग्रॅमचा फरक काहीच वाटत नाही. दिवसाला हजारो वेळा दाबल्यावर संध्याकाळी वाटतो.

हे आकडे बोटांना कळावेत म्हणून घरगुती प्रयोग सांगते. सध्याचं दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. तुमच्याकडे आहे त्या मेकॅनिकल कीबोर्डची मधली एखादी कळ निवडा, आजूबाजूची टोपणं काढा, कारण नाणं कळीपेक्षा रुंद असतं आणि शेजारी अडकतं. नोटपॅड उघडा. मग त्या कळीवर एकेक नाणं अलगद रचत जा. कितव्या नाण्याला अक्षर उमटलं ते मोजा. सहा नाण्यांना उमटलं तर स्विच लाल स्विचच्या वजनाचा. सात दहाची आणि वर एक रुपयाचं लागलं तर तपकिरीचा. आठ लागली तर निळ्याचा किंवा काळ्याचा. प्रयोगशाळेचं माप नव्हे हे, पण भाच्याला ४५ आणि ६० मधला फरक समजला तो याच रचलेल्या नाण्यांवरून. बाबांनी विचारलं, हे काय सत्यनारायणाची दक्षिणा मोजताय का.

वजन निवडताना तुमचं लिहिणं आठवा. जुन्या टाइपरायटरवर शिकलेली माणसं बोट उचलून ठोकतात. त्यांना ४५ चा स्विच पायाखालची फळी निघाल्यासारखा वाटतो, कळ थेट तळाला आदळते. त्यांनी ५५ ते ६५ च्या आसपास बघावं. लॅपटॉपवर वाढलेल्यांची बोटं कळांवर टेकलेली असतात. त्यांना हलका मानवतो. पण फार हलका किंवा स्पीड प्रकारचा स्विच टाळा. चेरीच्या स्पीड सिल्व्हरमध्ये १.२ मिलिमीटरलाच अक्षर उमटतं. विचार करत बोट नुसतं टेकवलं तरी पानावर एखादी वेलांटी पडलेली असते.

सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेला, म्हणजे मराठी ३० किंवा ४० शब्दांच्या, बसणार असाल तर आणखी एक. परीक्षा केंद्रावर कीबोर्ड केंद्राचा असतो आणि तो बहुधा साधा रबराचाच. शेवटचा महिनाभर सराव तशाच कीबोर्डवर करा.

पायरी ५: मराठी हाताचा हिशेब

इंग्रजीत लिहिलेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये ही पायरी नसते, कारण त्यांना ती लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आता डाव्या हाताचं मधलं बोट बघा. इंग्रजी ई च्या जागी काना, डी च्या जागी हलंत, सी च्या जागी म. मराठीतल्या कोणत्याही परिच्छेदावर नजर टाका: काने, जोडाक्षरं आणि म किती आहेत ते मोजा. सगळं त्या एका बोटावर.

आणि डावी करंगळी. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्ट धरून उमटतात. श, ष आणि ळ सुद्धा. ही सगळी अक्षरं उजव्या हाताची, म्हणून शिफ्ट धरायचं काम डाव्या करंगळीकडे. 'शाळेच्या' हा साधा शब्द घ्या: आठ कळा, त्यात श ला एकदा आणि ळ ला एकदा करंगळी खाली. माझं दुखणं मनगटाच्या बाहेरच्या बाजूला का होतं, याचं उत्तर मला या शब्दाने दिलं.

हॉट-स्वॅपचा खरा फायदा इथे. सगळ्या कळांना एकच स्विच असलाच पाहिजे असा नियम नाही. माझ्या कीबोर्डवर आज सगळीकडे ५५ च्या आसपासचे टॅक्टाइल आहेत, आणि डाव्या शिफ्टखाली एक ४५ चा लिनियर. शिफ्टला उंचवट्याची खूण नकोच असते. तिथे अक्षर उमटत नाही, कळ फक्त धरून ठेवायची असते. एका स्विचचा बदल, आणि दोन आठवड्यांत करंगळीची कुरकुर थांबली. दुखणं आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर मात्र स्विच बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी करणारी पद्धत वापरत असाल तर हिशेब बदलतो. तिथे सगळा भार ए या अक्षरावर, म्हणजे पुन्हा डाव्या करंगळीवरच.

पायरी ६: आधी नमुने, मग पूर्ण संच

एमजी रोडवरच्या दुकानांत मांडलेले कीबोर्ड दाबून बघायला जरूर जा, पण तिथे बहुधा लाल, निळा, तपकिरी यापलीकडे काही मिळत नाही. त्यातही आपण उभ्याने, काउंटरवर वाकून, एका बोटाने टकटक करतो. त्यातून फक्त जात कळते. दुकानदार ओळखीचा असेल तर स्टूल मागा, खाली बसा, दोन्ही हात ठेवा आणि स्वतःचं नाव-पत्ता चार वेळा लिहा. गर्दी नसताना, दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर कुणी हटकत नाही आणि रस्त्याचा आवाजही कमी असतो.

सुटे स्विच ऑनलाइन मिळतात. तीन प्रकार निवडा आणि प्रत्येकी पाच मागवा, पूर्ण संच नको. पाचच का? काना, हलंत, म, डावी शिफ्ट आणि स्पेस. सगळ्यात जास्त राबणाऱ्या या पाच जागी एक प्रकार बसवा आणि आठवडाभर नेहमीचं काम करा. पहिल्या दोन दिवसांचं मत धरू नका, नवं ते सगळं आवडतं. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी, थकलेले असताना, बॅकस्पेस किती वेळा दाबता ते बघा. मग दुसरा प्रकार, पुन्हा आठवडा. तीन आठवडे हा फार वेळ वाटेल. मी या घाईपायी ७० चुकीचे स्विच घेऊन बसले होते, तेव्हा मला तरी तो फार वाटत नाही.

कीचेनसारखे स्विच टेस्टरही विकतात, एका पट्टीवर नऊ-बारा वेगवेगळे स्विच. खेळायला छान. अंगठ्याने दाबून करंगळीचा निर्णय होत नाही.

पायरी ७: मोजा, मागवा, बसवा

कळा स्वतः मोजा. पूर्ण आकाराच्या कीबोर्डला १०४, आकड्यांचा उजवा कप्पा नसलेल्याला ८७, त्याहून लहानांना ८४, ६८, ६१ असे आकडे असतात. त्यावर पाच-सहा जास्त मागवा, एखाददुसरा वाकतो किंवा मुळातच बिघडलेला निघतो. स्विच बहुधा १०, ३५ किंवा ७० च्या पाकिटात येतात.

बसवताना कीबोर्डची वायर काढा. पुलरचे, म्हणजे स्विच ओढायच्या चिमट्याचे दोन दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला लावा, दाबून धरा आणि सरळ वर ओढा; तिरकं हिसकू नका. नवा स्विच घालण्याआधी त्याच्या दोन्ही पिना डोळ्यांसमोर धरून सरळ आहेत ना ते बघा. वाकलेली पीन भुवयांच्या चिमट्याने सरळ होते, पण एकदाच. दुसऱ्या खेपेला तुटायची शक्यता असते. पिना भोकांवर आल्या की अंगठ्याने सरळ खाली दाबा. कच्च असा लहान आवाज येतो. फार जोर लागत असेल तर थांबा, पीन आडवी होते आहे. जोर लावत राहिलात तर खालचं सॉकेट सर्किटपासून उखडतं, आणि मग सोल्डरिंगशिवाय गत नाही. कीबोर्ड उघडलेला असेल तर दाबताना सॉकेटच्या खाली बोटाचा आधार द्या.

सगळे बसले की कीकॅप लावण्याआधी जोडून प्रत्येक कळ तपासा. ही तपासणी इंग्रजीत करा. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर नुसता हलंत उमटला की नाही हे नीट दिसत नाही. न उमटणारी कळ सापडली तर स्विच काढा, दहापैकी नऊ वेळा पीन दुमडलेली असते.

ग्रीस लावण्याचा नाद पहिल्या कीबोर्डला लावून घेऊ नका. कारखान्यातच वंगण घातलेले स्विच आता सहज मिळतात. पुढे कधी करावंसं वाटलंच तर क्रायटॉक्स २०५जी० सारखं स्विचसाठी वापरलं जाणारं ग्रीस, बारीक ब्रशने, अगदी पातळ. टॅक्टाइलच्या पायांना नाही आणि क्लिकीला तर मुळीच नाही. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, बिजागरीवर मारायचा स्प्रे यांपैकी काहीही आत घालू नका. ते पत्तीपर्यंत ओघळतं आणि कळ रुसते.

काढलेले स्विच फेकू नका, खडीसाखरेच्या रिकाम्या डबीत ठेवा. माझ्या पहिल्या कीबोर्डचे निळे आता पंचवटीत मामाच्या औषधाच्या दुकानात बिलाच्या कीबोर्डवर आहेत. तिथे समोर रिक्षांचे हॉर्न असतात, गिऱ्हाईक बोलत असतं, आणि मामाला आकडा पडल्याचा टिक ऐकू यावाच लागतो.